स्टेशनवरून घरी परतलेली पोरं: तुमचे अनुभव लिहा

दुर्वा_कल्याण
काल कल्याण स्टेशनला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा नळाखाली चप्पल धूत बसला होता. एकच चप्पल. २००९ आठवलं. तेव्हा शिकत होते आणि एका संस्थेसोबत दादरच्या फलाटांवर फिरायचे. परभणीकडच्या एका पोराला घरी सोडायला गेलो होतो. आई चुलीपुढे होती. उठली नाही. थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग म्हणाली, "जेवलास का रे?"
चार महिन्यांत पोरगं परत दादरला! बापाची दारू आणि मारझोड तशीच होती, आम्ही फक्त मुलाला पोचवून आलो होतो. दुसऱ्या खेपेला मामाकडे ठेवलं, शाळेत नाव घातलं, दर महिन्याला फोन केला. मग टिकला.

मनीषा प
"जेवलास का" वाचून डोळेच भरले गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

खान्देशी_किशोर
ही पोरं आधी नाव-गाव खोटंच सांगतात, परत पाठवतील म्हणून. मी मुंबईत बालगृहात होतो तेव्हा एकाने आठ दिवस पाटणा सांगितलं. एकदा जेवताना हळूच म्हणे, कळण्याची भाकर नाही का? निघाला चोपड्याचा!! आमच्याच भागातला.

मनीषा प
किशोरभाऊ 😄 कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालता तुमच्याकडे?

खान्देशी_किशोर
ज्वारीच्या पाव हिश्शाला, ताई. मीठ दळतानाच.

अनघा_नागपूर
आमच्याकडे आधारमुळे घरं सापडली आहेत. मुलाचं कार्ड काढायला जातात, ठसे आधीच नोंदलेले म्हणून अर्ज नाकारला जातो आणि त्यावरूनच पत्ता लागतो. नागपूर स्टेशनवर सापडलेला एक मुलगा २०२१ मध्ये असाच दहा वर्षांनी जबलपूरला आईवडिलांकडे गेला.

सुलभाताई
मुलींबद्दलही लिहा. मुलगी परतली की गावाचा पहिला प्रश्न, "इतके दिवस कुठं होती?" सोलापूरकडच्या एकीला घेऊन गेले होते. अख्खी गल्ली दारात. आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नात आहे माझी. वाट सोडा." त्या म्हातारीच्या पाया पडले मी.

गणेश_एस
मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर अजून चालू आहे का?

अनघा_नागपूर
हो. २०२३ पासून सरकारच चालवतं, ११२ या आपत्कालीन नंबरला जोडलाय. मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. आणि घरी एकटी आई असेल तर सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज नक्की भरून द्या, महिन्याला २,२५० मिळतात. पैशांपायी पोर पुन्हा बाहेर पडायला नको.

मनीषा प
दुर्वा, कालच्या मुलाचं काय झालं?

दुर्वा_कल्याण
आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दल) ताईंकडे दिलं. नाव सांगितलं नाही. दुसरी चप्पल गाडीत राहिली, एवढंच बोलला. आत्ता तिकडेच निघालेय, मापाचा अंदाज घेऊन एक जोड घेतलाय.