शब्दचर्चा: जागेवर बसून काढलेल्या चित्राला काय म्हणायचं?

प्रश्न: नागपुरातल्या आमच्या गटाच्या प्रदर्शनाचं पत्रक मराठीत करते आहे. फुटाळा आणि अंबाझरी तलाव, महाल भागातले जुने वाडे, रामटेकचा गड, सगळी चित्रं तिथं बसून, समोर पाहून काढलेली आहेत. नुसतं 'निसर्गचित्रे' लिहिलं तर फोटोवरून घरी काढलेली चित्रंही त्यातच मोडतात. 'प्लेन एअर' (उघड्यावर बसून रंगवणं) हा परका शब्द लिहायला मन घेत नाही. नेमका शब्द आहे का?

उत्तर: ताई, अडचण खरी आहे. 'निसर्गचित्र' हा शब्द चित्रात काय आहे ते सांगतो, ते कसं काढलं ते सांगत नाही. 'भूदृश्य'चंही तेच. शिवाय महालातला वाडा म्हणजे काही निसर्ग नव्हे, तरी आपण त्यालाही लँडस्केपच म्हणतो. 'स्थळचित्र' त्यातल्या त्यात जवळचा, पण चित्रकार तिथं हजर होता की नाही हे त्यातूनही कळत नाही.

'प्रत्यक्षदर्शी चित्र' मात्र कृपा करून नको. प्रत्यक्षदर्शी म्हटलं की अपघाताचा साक्षीदार आठवतो. 'बाह्यचित्रण' सिनेमावाल्यांनी कधीच घेतलाय.

'प्लेन एअर' या मूळ फ्रेंच शब्दाचा उच्चार साधारण 'प्ले-नेर', अर्थ मोकळी हवा. 'समोर पाहून' हा भाग त्यात नाहीच. त्यासाठी फ्रेंच चित्रकार सेझान 'स्युर ल मोतीफ' म्हणायचा, म्हणजे विषयासमोर. या पद्धतीला जोर आला त्यामागे एक साधी वस्तू आहे: रंगाची पिळायची ट्यूब. जॉन रँड या अमेरिकी चित्रकारानं १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ते घेऊन रानोमाळ हिंडणं किती जिकिरीचं असेल!

आता आपण आपसात काय बोलतो ते पाहा. 'आउटडोअरला जाऊ', 'स्पॉटवर बसू', आणि 'जागेवरच संपवलं'. मला हा 'जागेवर' फार मोलाचा वाटतो. जागेवर निकाल, जागेवर दुरुस्ती, जागेवर हिशेब: त्याच ठिकाणी आणि तेव्हाच, दोन्ही अर्थ एका शब्दात. या चित्रांना हे दोन्ही हवेत. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना फुटाळ्यावर जलरंगात आकाश करून पाहा. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, कागदाच्या मध्यावर येतो न येतो तोच वरची कड वाळून रेघ धरते. पावसाळ्यात नेमकं उलटं, हवा दमट असते, वॉश ओलाच राहतो आणि ढगाची कड पाण्यात उतरते. चित्रातली ती रेघ किंवा ती पसरलेली कड म्हणजे त्या दिवसाची हवा आहे, फोटोवरून ती यायची नाही. म्हणून माझं मत: पत्रकावर ठळक 'जागेवरची चित्रे' आणि खाली बारीक अक्षरांत 'प्रत्यक्ष स्थळी पाहून रंगवलेली'. बोलण्यातला शब्द आहे, मथळ्यातही शोभेल.

प्रश्न: 'जागेवरची' आवडला! पण दादा, काही जणांनी चित्रं घरी येऊन पूर्ण केलीत. त्यांना हा शब्द चालेल?

उत्तर: फ्रेंच चित्रकार मोनेनं १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवल्या तेव्हा उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा, तरी शेवटचा हात स्टुडिओतच फिरवायचा. त्यामुळे घरी येऊन फांदी ठीक केली, सही केली, एवढ्यानं काही बिघडत नाही. मी सावल्या पाहतो. सावल्यांची दिशा आणि रंग तिथंच ठरले असतील तर चित्र जागेवरचं. उजेडच मोबाइलमधल्या फोटोवरून उचलला असेल तर त्याला 'निसर्गचित्र' म्हणावं, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि चित्राखालच्या चिठ्ठीत माध्यमासोबत वेळही लिहा: 'जलरंग, रामटेक, जागेवर, सकाळी ७'. गडावरच्या देवळांवर सकाळची सावली वेगळी आणि दुपारची वेगळी असते, हे पाहणाऱ्याला चिठ्ठी वाचून लगेच पडताळता येईल.