बेळगावात बेघरांसोबत काम: माणूस ‘नको’ म्हणतो तेव्हा काय करायचं?

रानजाई_खानापूर

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर घरचे बँकेच्या परीक्षा दे म्हणत होते, मी बेळगावातल्या एका संस्थेत लागले. काम रात्रीचं. बसस्टँड, रेल्वे स्टेशन, कपिलेश्वर देवळाचा परिसर, रविवार पेठेतल्या बंद दुकानांच्या पायऱ्या, इथं झोपणाऱ्यांना भेटायचं, निवारा केंद्रात यायला तयार करायचं, आधार, पेन्शन, दवाखाना मार्गी लावायचं. सोबत एक दादा असतात, पण ते गाडी चालवतात, बोलत नाहीत.

कुणी येतच नाही हो. रविवार पेठेत एक आजोबा आहेत, हमाली करतात, सत्तरीचे तरी असतील. ‘बघू की उद्या’ म्हणतात आणि चादर तोंडावर ओढून घेतात. बसस्टँडवर चंदगड भागातल्या एक आजी आहेत. त्यांच्या पेन्शनचं विचारायला गेले तर एका कार्यालयात सांगितलं, ही बाई महाराष्ट्राची, तिकडं न्या. तिकडं फोन केला तर म्हणे, इतकी वर्षं कर्नाटकात आहेत तर आमच्याकडं कशाला? अर्ज सगळे कन्नडमधून, माझं कन्नड बोलण्यापुरतं. वर साहेब दर शनिवारी विचारतात, किती आधार झाले आणि किती शिफ्ट झाले.

मृग लागायच्या आत काही तरी व्हायला हवं. हे काम केलेलं कुणी आहे का इथं?

मागवाला_वडगाव

आहे की. वडगावात माग चालवत होतो. ते बंद पडले तसा या कामात आलो, तो आजवर. जरा लांबण लागेल, सवडीनं वाचा.

आधी गळ्यातलं ते ओळखपत्र पिशवीत टाका आणि गाडी लांब लावा. गाडीच नडते. कर्नाटकात १९७५ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली माणसं उचलून निराश्रित केंद्रात नेतात. खर्च तुमच्याआमच्या घरपट्टीतून जातो, शंभराला तीन रुपये उपकर, पावती काढून बघा. फुटपाथवर झोपणाऱ्याला कलम ठाऊक नसतं, गाडी मात्र बरोबर ठाऊक असते. बंगळूरच्या केंद्रात ऑगस्ट २०१० मध्ये लागोपाठ माणसं दगावली, ती गोष्ट मला आपल्या बसस्टँडवर ऐकवणारे लोक अजून भेटतात. कधी कुणापुढं हात न पसरलेला हमालसुद्धा या गाडीला भितो. मळक्या चादरीखाली भिकारी आहे का हमाल, ते उतरणाऱ्याला कसं कळणार? अशात तुम्ही गाडीतून उतरून ‘आजोबा, चला, चांगली जागा आहे’ म्हणालात तर ते चादर ओढून घेणारच की.

मी पहिल्या भेटीत निवाऱ्याचं नावच काढत नाही. चालत जातो, शेजारी उकिडवा बसतो, उभ्यानं बोलत नाही. नाव विचारत नाही, माझं सांगतो. ‘मी गाडीवाला नव्हे, वडगावचा’ एवढं म्हटलं की बरंच काम होतं. मराठी का कन्नड हे कपड्यावरून ओळखायला जाऊ नका, फसाल. ‘ऊटा आतेन्री?’ (जेवण झालं का?) म्हणून बघायचं, उत्तर ज्या भाषेत येईल ती धरायची. रायबाग-अथणीकडचे बरेचसे दोन्हीत बोलतात.

आता ‘नको’चं. त्याच्या मागं काही तरी असतंच, बहुतेक वेळा वेळेचं, सामानाचं, नाहीतर सोबतीचं. तुमच्या आजोबांना विचारा, मालाची गाडी किती वाजता लागते. पेठेत माल पहाटेच उतरतो आणि मुकादम हाक मारतो ती जवळ झोपलेल्याला. निवाऱ्याचं दार सहाला उघडलं तर त्यांची त्या दिवसाची हमाली गेली.

माझ्याकडं असाच एक होता. उशाखाली आकडा घेऊन झोपायचा. पोतं ओढायचा लोखंडी आकडा, लाकडी मूठ घामानं काळी झालेली, फुटलेली तिथं सुतळी गुंडाळलेली. निवाऱ्यात तो आत नेऊ देईनात, हत्यार आहे म्हणून. कुठला हमाल आपला आकडा दुसऱ्याच्या ताब्यात देईल? शेवटी असं ठरलं, दाराजवळच्या कपाटात आकडा, कपाटाची किल्ली त्याच्या कंबरेला, आणि पहाटे केअरटेकरनं उठून कडी काढून द्यायची. त्याच रात्री आला गडी. त्याच्याशी मी नवं काहीच बोललो नव्हतो. जे काय डोकं खाल्लं ते केअरटेकरचं.

निवाऱ्यातून नियम सांगायला लागले तर तुम्हीही सांगा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात (ते २०२४ पर्यंत होतं) निवारा चोवीस तास, बारा महिने उघडा असावा म्हटलं होतं. माणशी ५० चौरस फूट जागा, लाख वस्तीमागं शंभर जणांची सोय. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पावणेपाच लाखांच्या वर होतं. हिशेब तुमचा तुम्ही करा.

चंदगडच्या आजींचं दुखणं आपल्या सीमाभागातलं नेहमीचं. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनला तिकडचं पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. इथली संध्या सुरक्षा ही म्हातारपणाची पेन्शन, ६५ च्या पुढं महिना १२०० रुपये, ती इथल्या रहिवाशाला. सीमेवरची शिनोळी ओलांडून मोलमजुरीला आलेल्या बाईचं अर्धं आयुष्य तिकडं, अर्धं इकडं. दोन्ही कार्यालयांशी भांडत बसाल तर आजी तशाच राहतील. एक बाजू धरा, आणि कुठली ते आजींनाच विचारा. ‘मी आता हितंच’ म्हणाल्या की इथला पत्ता उभा करायला लागायचं.

त्याची एक वाट फार कुणी वापरत नाही. मतदार यादीचा फॉर्म ६. बेघर माणसानं झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची, बीएलओनं (मतदार यादीचं काम बघणारा बूथ अधिकारी) रात्री येऊन बघायचं, एकाहून जास्त रात्री. तो तिथंच झोपतो अशी खात्री झाली तर रहिवासाचा दुसरा कागद लागत नाही. हा निवडणूक आयोगाचाच नियम. आता बीएलओ म्हणजे बहुधा अंगणवाडीच्या नाहीतर शाळेच्या बाई. रात्री बसस्टँडवर एकट्या कशाला येतील? आपण आणायला जायचं आणि घरी सोडायचं. माझ्या एका आजीनं बीएलओ यायच्या दिवशी लुगडं धुतलं, वेणी घातली आणि बाकावर ताठ बसून राहिली. म्हटलं, ‘आजी, तू झोपतीस का ते बघायला येऊलाल्यात त्या!’ तशी म्हातारीनं बसल्या जागी डोळे मिटले. बाईंना हसू आवरेना. दुसऱ्या रात्री मात्र घोरत होती.

आणि गाठोडं त्यांच्याच हातानं सुटू द्या. कागद असतात आत. दुधाच्या पिशवीत गुंडाळून वरनं सायकलच्या ट्यूबचं रबर. एकीच्या गाठोड्यातून नवऱ्याचा मृत्यू दाखला निघाला आणि विधवा वेतनाचा रस्ता मोकळा झाला. तिला वाटत होतं तो दवाखान्याच्या बिलाचा कागद आहे.

कन्नड अर्जासाठी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचे पॅरा लीगल स्वयंसेवक गाठा. तिथं बायकांना फुकट मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

बायोमेट्रिक_बाबू

मी आधार केंद्रात बसतो. मागवाला काकांनी आधार माझ्यावर सोडलंय असं धरून लिहितो.

ताई, माणूस आणलात की आधी एकच विचारा, ‘पूर्वी कधी बोटं दिलीवती का?’ दहापैकी बरेच जण दिलेले असतात, कार्ड हरवलेलं असतं. अशांची नवीन नोंदणी केली तर सिस्टिम जुनी बोटं ओळखते आणि अर्ज डुप्लिकेट म्हणून फेटाळते. मग सगळे म्हणतात आधार होत नाही. नाव, जिल्हा किंवा पिनकोड, आणि एक बोट किंवा डोळा, एवढ्यावर जुनं आधार शोधून प्रिंट निघते. नाव मात्र तेव्हा सांगितलं तसंच लागतं. आपल्याकडं एकच माणूस इकडं यल्लाप्पा आणि तिकडं यल्लप्पा असतो, दोन्ही घालून बघायला सांगा. हमालांची, गवंड्यांची बोटं झिजलेली असतात, डोळ्यावर घ्यायला लावा. मोतीबिंदू असला तर डोळाही दगा देतो.

खरंच कधी काढलं नसेल तर अठरा वर्षांवरच्यांची नवीन नोंदणी राज्य सरकारच्या पडताळणीला जाते, १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. हे आजोबांना आधीच सांगा, नाहीतर पुढच्या आठवड्यात विचारतील कुठाय.

पत्त्याला मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला चालतो, नगरसेवकाचाही. पण आधारच्याच ठरलेल्या नमुन्यात, फोटोवर सही-शिक्का, खाडाखोड नको, आणि तीन महिन्यांच्या आतला. लेटरहेडवर प्रेमानं लिहिलेली शिफारस माझ्या काही उपयोगाची नाही. मोबाइल नंबर बदलायला कुठलाच कागद लागत नाही, माणूस समोर हवा. अडलं तर १९४७, मराठीत बोलतात.

रेशनचं पण सांगतो. आजींचं महाराष्ट्राचं कार्ड आधारला जोडलेलं असेल तर त्यांच्या वाट्याचं धान्य बेळगावच्या दुकानात अंगठ्यावर मिळतं. पण कार्ड मुलाच्या घरचं असेल आणि इथं उचललं, तर तिकडं कमी पडतं आणि भांडण लागतं. आणि धान्य घेऊन बसस्टँडवर शिजवणार कुठं? त्यापेक्षा इंदिरा कॅन्टीन बरं, पाच रुपयांत नाष्टा, दहात जेवण.

रोखठोक_९

सगळे मिळून डोक्यावर बसवून ठेवा. ह्यातल्या निम्म्यांना घरं आहेत. दिवसभर हात पसरून तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कमावतात. निवारा दिला तरी जात नाहीत यातच काय ते आलं.

मागवाला_वडगाव

घर काहींना आहे, खरंय. सुनेनं बाहेर काढलेल्याला, दारूपायी काढलेल्याला, पोरीच्या लग्नाचं कर्ज करून तोंड चुकवत आलेल्याला घर आहेच की. कमाईचं म्हणाल तर पहाटे पेठेत या, त्या आजोबांशेजारी उभे राहा आणि एक पोतं उचलून बघा. चहा माझ्याकडून.

सिस्टर_शहापूर

दोन गोष्टी सुटल्या म्हणून लिहिते. सरकारी दवाखान्यात नोकरी झाली माझी, रात्रपाळ्या भरपूर केल्यात.

स्वतःशी बोलणारी, अंगावर शुद्ध नसलेली माणसं तुम्हाला भेटतीलच. त्यांना निवाऱ्यात ओढत नेऊ नका, तिथं बाकीचे घाबरतात आणि ती पळून जातात. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १०० वाचून ठेवा. अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवणं हे पोलीस ठाण्याचं काम आहे, आणि कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा, तेही त्यातच. ठाण्यात कलमाचा नंबर सांगितला की बोलणं लवकर उरकतं. पुढच्या उपचाराला आपल्याला धारवाडचं डिमहान्स, मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय, जवळ. रात्री अडलात तर टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

दुसरं, खोकला. दोन आठवड्यांवर खोकणारा दिसला की थुंकी तपासायला आणा, फुकट आहे. क्षयाच्या गोळ्या रोजच्या रोज, सहा महिने, आणि फुटपाथवरच्या माणसाच्या त्या चोरीला नाहीतर पावसात जातात. एकीनं गोळ्या चहाच्या टपरीवाल्याकडं ठेवल्या होत्या. सकाळचा चहा आणि गोळी एकदमच. टपरीवाला गोळी घेतल्याशिवाय चहा देत नसे. पूर्ण बरी झाली. उपचार चालू असेपर्यंत पोषणाचे महिना १००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पासून वाढलेत, आधी ५०० होते), पण ते बँक खात्यात येतात.

आणि कुणाला भरती करायला आणलंत तर केसपेपरवर ‘अनोळखी’ घालू देऊ नका. कसंही करून नाव घाला. पुढं तोच कागद दहा ठिकाणी दाखवावा लागतो.

रानजाई_खानापूर

सगळ्यांचे आभार. काल ओळखपत्र पिशवीत टाकलं आणि दादांना गाडी काकतीवेशीला लावायला सांगून चालत गेले. आजोबांशेजारी बसले. गाडी साडेतीनला लागते म्हणाले. आकडा नाही त्यांच्याकडं, पण एक कुत्री आहे. ती पायाशी झोपते आणि ती असल्यावर कुणी खिशाला हात लावत नाही. आधार आहे, गावी राहिलंय, गाव सांगेनात. आणि साठवलेले पैसे एका हॉटेलवाल्याकडं ठेवतात, तो किती आहेत ते सांगत नाही. म्हणजे निवाऱ्याच्या आधी त्यांना ते पैसे हवेत. बँकेत गेले तर आधार मागणार. काय करू?

मागवाला_वडगाव

बघा, सांगितलं की त्यांनी!

गावाचं तूर्त राहू दे. बँकेत ‘स्मॉल अकाउंट’ मागा. कागद नसला तरी फोटो आणि बँकेच्या माणसासमोर सही-अंगठा यावर ते उघडता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमातच आहे. शिल्लक ५०,००० पर्यंत, महिन्याला १०,००० पर्यंत काढता येतात, वर्षात भरणा एक लाखाच्या आत. वर्षभर चालतं. तेवढ्यात मतदार कार्डासारख्या मान्य ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी एक वर्ष. काउंटरवर नाही म्हणाले तर मॅनेजरकडं जा. तिथंही ‘स्मॉल अकाउंट’च म्हणा, नुसतं ‘खातं’ म्हणालात की आधी आधार विचारतात.

हॉटेलवाल्याकडं तुम्ही जाऊ नका. आजोबांना हिशेब मागू दे, तुम्ही शेजारच्या टेबलावर चहा घेत बसा. कुत्रीचं केअरटेकरशी मी बोलतो, तो माझ्या ओळखीचा आहे. ओसरीला पत्रा आहे तिथं, पाऊस आत येत नाही. बँकेत पाच तारखेनंतर जा, त्याआधी पेन्शनवाल्यांची रांग असते.