रमीचे जिंकलेले पैसे रिटर्नमध्ये दाखवायचे राहिले, टीडीएस मात्र कापला गेलाय

कांदिवली_पश्चिम:
आर्थिक वर्ष २०२३-२४ चा मामला आहे. पगार ७ लाख, नवीन करप्रणाली, स्टँडर्ड डिडक्शननंतर ६,५०,०००. कलम ८७ए ची (७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी) सूट मिळून कर शून्य झाला आणि आयटीआर-१ (साध्या पगारदारांचा रिटर्न फॉर्म) मुदतीत भरला. त्याच वर्षी एका रमी अ‍ॅपवर निव्वळ १,८०,००० जिंकलेले आहेत. २६एएस (कापलेल्या कराचं विवरण) मध्ये कलम १९४बीए (ऑनलाइन खेळात जिंकलेल्या रकमेवरचा टीडीएस) खाली ५४,००० टीडीएस दिसतोय. रिटर्नमध्ये यातलं काहीच नाही. दुसऱ्या अ‍ॅपवर अडीच लाख गेले, म्हणजे एकूण तोटाच. ३० टक्के कापले गेलेत, तर अजून काही देणं लागतं का? आणि तोटा वजा होतो का?

चलनवही:
तोटा वजा होत नाही. अडीच लाख गेले ते पगारातून वजा करता येत नाहीत आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाहीत. १,८०,००० हा आकडाच मुळात त्या अ‍ॅपवरचा निव्वळ आहे: काढलेली रक्कम अधिक वर्षअखेरची शिल्लक, त्यातून तुम्ही भरलेले पैसे आणि वर्षारंभीची शिल्लक वजा. दुसऱ्या अ‍ॅपवर काय झालं हे पहिलं अ‍ॅप टीडीएस कापताना बघत नाही.

आता देणं. कलम ११५बीबीजे (ऑनलाइन खेळात जिंकलेल्या रकमेवरचा कर) खाली ३० टक्के अधिक ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के, ५६,१६० रुपये. टीडीएस ५४,००० गेलाय, उरले २,१६०. बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच फसतात. ८७ए ची सूट एकूण उत्पन्नावर ठरते आणि जिंकलेली रक्कम त्या एकूणात धरली जाते. तुमचं एकूण ८,३०,००० झालं, ७ लाखांच्या वर. म्हणजे पगारावरची सूटही गेली. ६.५ लाखांवर २०,००० कर, सेससह २०,८००. मार्जिनल रिलीफ (मर्यादेच्या वर गेलेल्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ नये म्हणून असलेली सवलत) तुम्हाला लागू होत नाही, कारण ७ लाखांच्या वरची रक्कम १,३०,००० आहे आणि कर त्याहून कमी. एकूण बाकी २२,९६०.

बाकी १०,००० च्या वर असल्याने कलम २३४बी चं (आगाऊ कर न भरल्याचं) व्याजही लागतं: १ एप्रिल २०२४ पासून दरमहा १ टक्का, शंभराच्या पटीत खाली आणून, म्हणजे महिन्याला २२९. मूळ रिटर्न मुदतीत असल्याने २३४ए (रिटर्न उशिरा भरल्याचं व्याज) नाही, उशिराची फीही नाही.

कांदिवली_पश्चिम:
पगारावरची सूट जाते हे लक्षातच आलं नव्हतं. सुधारित रिटर्नची मुदत तर केव्हाच गेली. आता भरायचं कसं?

चलनवही:
आयटीआर-यू, म्हणजे कलम १३९(८ए) चा अद्ययावत रिटर्न. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ (म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४) साठी ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलं तर कर अधिक व्याजावर २५ टक्के जादा कर. १ एप्रिल २०२६ पासून तोच ५० टक्के. तुमचा हिशेब:

मार्च २०२६: २२,९६० + व्याज ५,४९६ = २८,४५६, त्यावर २५ टक्के ७,११४. एकूण ३५,५७०.
एप्रिल २०२६: २२,९६० + ५,७२५ = २८,६८५, त्यावर ५० टक्के १४,३४२.५०. एकूण सुमारे ४३,०२८.

एका दिवसाने साडेसात हजारांच्या जवळपास फरक पडतो. यात २३४सी (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं व्याज) धरलेलं नाही. रक्कम कोणत्या तिमाहीत मिळाली त्यावर ते ठरतं, म्हणून शेड्यूल ओएस (रिटर्नमधला इतर स्रोतांच्या उत्पन्नाचा तक्ता) मधले तिमाहीचे रकाने अंदाजाने भरू नका.

आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ घ्या. शेड्यूल ओएस मध्ये ११५बीबीजे ची वेगळी ओळ आहे. 'इतर उत्पन्न' मध्ये टाकलंत तर स्लॅबने कर लागतो आणि एआयएस (आयकर खात्याकडचं तुमचं वार्षिक माहिती विवरण) शी जुळत नाही. टीडीएस चे ५४,००० आधीच्या रिटर्नमध्ये घेतलेले नाहीत, तेव्हा त्यांचं क्रेडिट आता मिळेल. आधी ई-पे टॅक्सवर पैसे भरा आणि करनिर्धारण वर्ष २०२४-२५ निवडा. २०२३-२४ निवडणं ही नेहमीची चूक. चलनाचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक) आणि चलन क्रमांक आयटीआर-यू मधल्या कलम १४०बी च्या तक्त्यात जातो, आयटीआर-२ च्या कराच्या तपशिलात तो परत लिहू नका. शेवटी ई-व्हेरिफाय. चर्चगेटच्या आयकर भवनात खेटे घालायची गरज नाही.

परळ_टपाल:
वरचा हिशेब बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो.

एक, एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतो. तेव्हा घाई करण्याआधी त्या वर्षाचा एआयएस पूर्ण तपासा. एफडीचं व्याज, शेअर, काही सुटलं असेल तर याच फेरीत घ्या. ५४,००० टीडीएस चा रिफंड काढून देतो म्हणणारे एजंट फिरतात, त्यांच्यापासून लांब राहा: आयटीआर-यू ने रिफंड मागताच येत नाही. आणि त्या वर्षाची पुनर्निर्धारणाची (खात्याने कर पुन्हा ठरवण्याची) कारवाई सुरू होण्याआधी हे उरका. नाहीतर कलम २७०ए खाली कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड, चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २०० टक्के.

दोन, ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशांचे खेळ बंद झाले. जुन्या वर्षांचा कर त्याने माफ होत नाही, पण लेजर (खेळाच्या खात्याचा हिशेब) मिळणं कठीण होत जाईल. फॉर्म १६ए आणि व्यवहारांचं स्टेटमेंट आजच उतरवून ठेवा. नाही मिळालं तर बँक स्टेटमेंटमधल्या यूपीआय नोंदींवरून भरणा आणि काढलेली रक्कम यांचा तक्ता करा.

लालबाग_१२:
महालक्ष्मीच्या रेसवर जिंकलेल्याला पण हेच लागू का?

परळ_टपाल:
दर तोच ३०, कलम मात्र ११५बीबी, आणि टीडीएस १९४बीबी खाली. फरक एवढाच की ऑनलाइन खेळात भरलेले पैसे वजा होऊन निव्वळ रक्कम निघते, रेसमध्ये हरलेल्या तिकिटांचे पैसे वजा होत नाहीत. गोव्याच्या कॅसिनोचंही तेच. मटक्याचे पैसे बेकायदा असले तरी करपात्रच.