मदत हवी आहे: पावसाच्या पाण्याचा पीएच ५.५ आला, म्हणजे आम्ल पाऊस का?

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याला राहतो, माझी बाय दहावीत आहे आणि तिने प्रोजेक्टला आम्ल पाऊस घेतलाय. जूनच्या पहिल्या सरीचं पाणी तिने गच्चीवर काचेच्या बाउलमध्ये धरलं, पीएच पेपर (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा ७ च्या जितका खाली तितकं आम्ल जास्त) ६.५ च्या आसपास, मग आठवडाभर धो धो कोसळल्यावर परत धरलं तर ५.५. मला वाटलेलं उलट होईल, पहिली सर हवेतली सगळी घाण घेऊन येते ना! आता ती विचारते बाबा आपल्याकडे आम्ल पाऊस पडतो असं लिहू का. आणि दुसरं, वायू पाण्यात विरघळला की आम्ल होतं म्हणे, पण ऑक्सिजन पण विरघळतो की, मासे त्यावरच जगतात, मग त्याचं आम्ल का होत नाही? सोमवारी द्यायचंय, कोणीतरी समजवा प्लीज.

उत्तर १
दादा, तसं लिहू देऊ नका. अगदी स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा साधारण ५.६ चा असतो, कारण कार्बन डायऑक्साइड थेंबात नुसता विरघळत नाही, त्यातला थोडा पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो आणि त्यातून हायड्रोजन आयन (विद्युतभार असलेले कण) सुटतात, पीएच उतरतो तो त्यांच्यामुळे. ऑक्सिजन विरघळतो पण पाण्याशी संयोग करत नाही, म्हणून आम्ल नाही. बायचा प्रश्न छान आहे, प्रोजेक्टमध्ये घालाच.
खरा आम्ल पाऊस सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा, कोळसा जाळणं, गाड्यांचा धूर वगैरे. सल्फर डायऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या तीसेक पटीहून जास्त विरघळतो, आणि ढगाच्या थेंबातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, म्हणून हवेत अगदी थोडा असला तरी पीएच ४ पर्यंत खाली जाऊ शकतो. आम्ल पाऊस हा शब्द रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये रूढ केला, मँचेस्टरच्या कोळशाच्या धुराचा अभ्यास करून.

उत्तर २
पहिल्या सरीचं मी सांगते. मे महिनाभर हवेत धूळ साठते, सिमेंटची, बांधकामाची, तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते आम्ल मारतं. आठवड्याच्या पावसाने ती धुऊन गेली की उरतो निव्वळ पाऊस. फक्त एक, पावसाच्या पाण्यात आयन इतके कमी असतात की पेपर नीट रंग दाखवत नाही, शाळेत पीएच मीटर असला तर त्यावर बघा. आणि पागोळीचं पाणी घेऊ नका, कौलांवरचं शेवाळ आणि माती पण त्यात येते.
घरी करून बघायचं असेल तर ते ५.५ वालं पाणी दोनच मिनिटं उकळा आणि झाकून गार करा. कार्बन डायऑक्साइड गरम पाण्यातून निघून जातो (सोडा तापला की कसा फसफसतो), पीएच वर जायला हवा. सल्फ्युरिक आम्ल मात्र उकळून जात नाही, ते तिथेच राहतं.

धागाकर्ता
ताई, आत्ताच केलं! उकळून गार केल्यावर पेपर ६.५ च्या जवळ गेला, तीनदा बघितलं. बाय आता प्रोजेक्टचं नाव बदलून परत लिहायला बसलीय. मीटरचं उद्या शाळेत विचारतो, दोघांचे मनापासून आभार.