रोज गाडीवर घालायला घोटा वाचवणारे बूट कोणते घ्यावेत? (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार. रोज गाडीवर जाण्यायेण्यासाठी बूट घ्यायचे आहेत आणि तीन आठवडे वाचून गोंधळ वाढलाच आहे. आधी काय झालं ते सांगते, म्हणजे एवढ्या खोलात का शिरले ते कळेल.

चार महिन्यांपूर्वी सकाळी कामावर जाताना पडले. वळण घेत होते, वेग पंचवीस-तीसच्या वर नसेल. रस्त्यावर डिझेल सांडलं होतं. पुढचं चाक सटकलं आणि गाडी डाव्या अंगावर आली. हेल्मेट, जाकीट, हातमोजे सगळं होतं. पायात मात्र पळायला जाते तेच हलके बूट. फूटरेस्ट आणि रस्ता यांच्यामध्ये घोटा सापडला. लोकांनी गाडी उचलली, मला कडेला बसवलं, तेव्हा लक्षात आलं की डाव्या पायात नुसता मोजा आहे. बूट चार पावलांवर पडला होता. त्याची लेस बांधलेलीच होती, दुहेरी गाठ जशीच्या तशी. बाहेरच्या बाजूच्या घोट्याच्या हाडाला चीर गेली. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. आता चालायला त्रास नाही, गाडीही पुन्हा सुरू केली आहे. पण ती गाठ मारलेली लेस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

माझी गरज अशी आहे. जाऊन-येऊन २८ किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस, पाऊस असो नसो. काम प्रयोगशाळेत, दिवसातले पाच-सहा तास उभ्यानेच. पाऊल लहान पण चवड्यात रुंद, त्यामुळे लांबीला बसणारा बूट करंगळीला चावतो. गाडी साधी, गिअर वर टाकताना पंजा दांडीखाली घालावा लागतो.

आतापर्यंत जे समजलं ते लिहिते, चुकत असेन तर सांगा. मोटरसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे. ते पाळणाऱ्या बुटावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं आणि २०१५ व २०१७ च्या आवृत्त्यांत चित्राखाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासलं जाण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा आणि चौथा बूट आडवा चेपला तर किती तग धरतो त्याचा. माझं सगळं लक्ष चौथ्यावर आहे, कारण माझा पाय तसाच चेपला गेला.

पर्याय तीन दिसतात. एक, साध्या बुटांसारखे दिसणारे पण गाडीसाठीच बनवलेले घोट्याइतके बूट. दोन, नडगीपर्यंत येणारे पूर्ण बूट. तीन, कारखान्यात वापरतात ते स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज, जे माझ्याकडे कामाचे म्हणून आहेतच. घरचे म्हणतात आहेत तेच घाल. मला सेफ्टी शूजबद्दल मनापासून खात्री वाटत नाही, पण का वाटत नाही ते नीट सांगता येत नाही.

विचारायचं हे, की घोट्याइतका बूट माझ्यासारखीला पुरे आहे का? दिवसभर उभं राहून तो सहन होतो का? आणि पायात घालून बघताना नेमकं काय तपासायचं? कृपया स्वतः रोज वापरणाऱ्यांनी लिहा.

प्रतिसाद

ताई, लवकर बऱ्या झालात हे वाचून बरं वाटलं. अकरा वर्षं रोज गाडीवर जातोय, त्यावरून सांगतो.

आधी एक दुरुस्ती. चौथा आकडा घोट्याचा नाही. त्या चाचणीत बूट तळव्याच्या रुंदीत आडवा दाबतात, म्हणजे गाडी पावलावर पडली तर सोल किती वाकतो ते कळतं. तिथे २ असणं चांगलंच, पण घोट्याचा मार वेगळा मोजतात आणि ती चाचणी ऐच्छिक आहे. ती पार केलेल्या बुटावर आयपीए ही अक्षरं असतात, नडगीसाठी आयपीएस. चारही आकडे २ असलेला बूटसुद्धा आयपीएशिवाय असू शकतो. तुमचं दुखणं पाहता ही तीन अक्षरं आधी शोधा. जवळच डब्ल्यूआर दिसलं तर बुटाचा वरचा भाग पाणी अडवतो, एफओ असेल तर सोल तेल-इंधनाने खराब होत नाही.

सेफ्टी शूजबद्दलची तुमची शंका रास्त आहे. ते बूट वरून पडणाऱ्या वजनासाठी बनवलेले असतात. आयएसओ २०३४५ या सेफ्टी शूजच्या मानकानुसार बोटांवरची टोपी २०० जूलचा आघात सोसते, आणि ते काम ते उत्तम करतात. पण घोट्याच्या दोन्ही हाडांवर बऱ्याचदा नुसतं कापड आणि स्पंज असतो, आणि टोपीच्या जाडीमुळे पंजा गिअरच्या दांडीखाली सहज जात नाही. पाय खाली न बघता गिअर पडला पाहिजे. तिथे अडखळलं की लक्ष रस्त्यावरून उडतं.

आणि पुरे आहे का, या प्रश्नाचं उत्तर. ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीसाठी न बनवलेले पण घोटा झाकणारे बूट घातलेल्यांना साध्या किंवा पळायच्या शूजवाल्यांपेक्षा दुखापतीचा धोका निम्म्याहून कमी निघाला. मला त्यातून एवढंच कळतं की घोटा झाकणारी, पायातून न निघणारी कुठलीही भक्कम वस्तू आणि पळायचे बूट यांच्यात सगळ्यात मोठं अंतर आहे. त्यापुढच्या पायऱ्या लहान आहेत.

प्रतिसाद

वरच्यांशी थोडा असहमत. शेवटची पायरी लहान नाही. माझा पाय नडगीत मोडला होता, घोट्याच्या चार बोटं वर. घोट्याइतक्या बुटाने तिथे काहीच केलं नसतं. तेव्हापासून मी उंच बूटच घालतो आणि कामाच्या ठिकाणी कपाटात साधे बूट ठेवतो. पोचलो की बदलतो. दोन मिनिटं लागतात. ताईंना उभ्याने काम आहे, तर कामाचा आणि गाडीचा बूट एकच असावा हा आग्रह सोडला तर निवड सोपी होईल. जो बूट गाडीवर खरोखर वाचवतो तो सहा तास उभं राहायला आरामाचा नसतो, कारण त्याचा सोल मुद्दाम कडक केलेला असतो.

प्रतिसाद

मी बूट दुरुस्तीचं काम करतो. मानकाचं मला फार कळत नाही, पण बूट उघडून आत काय असतं ते रोज बघतो. हातानेच बऱ्याच गोष्टी कळतात.

टाचेच्या मागच्या बाजूला अंगठ्याने जोर देऊन दाबा. आत कडक वाटी असते. ती अंगठ्याखाली चेपली तर सोडून द्या, कारण पाय बुटातून निसटतो तो इथूनच. मग एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पंजा धरून ओलं फडकं पिळतो तसा बूट पिळा. पुढे चवड्याशी वाकला तर हरकत नाही, तिथे वाकायलाच हवा. पिळ बसता कामा नये. घोट्याच्या जागी बोटाने चाचपा, आत गोल कडक चकती लागली पाहिजे, आणि बूट घातल्यावर ती बरोबर हाडावर आली पाहिजे. लहान पावलाच्या लोकांत ती चकती बऱ्याचदा हाडाच्या वर बसते. ताईंनी हे नक्की बघावं.

सर्वात महत्त्वाचं, लेस किंवा चेन पूर्ण बांधून खुर्चीवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी टाच धरून बूट ओढायला सांगा. जोरात ओढायला सांगा, लाजू नका. निघाला तर तो रस्त्यावरही निघणार.

बूट संध्याकाळी बघा, दिवसभरात पाय सुजलेला असतो. लेसचे बूट असतील तर उरलेली टोकं खोचायला जागा हवी. सुटलेली लेस गिअरच्या दांडीत अडकली की सिग्नलला पाय खाली टेकत नाही आणि माणूस उभ्याउभ्या गाडीसकट आडवा होतो. माझ्याकडे डाव्या बुटाची लेस तुटून आली की मी आधी हेच विचारतो.

आणि फार दिवस पडून राहिलेला जुना साठा घेऊ नका. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने आतून सडत जातो, बूट वापरला नसला तरीही. वरून नवा कोरा दिसतो आणि महिन्याभरात सोलचा भुगा होऊन हातात येतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आयपीएबद्दल सांगितलंत ते फार बरं झालं, मी चौथ्या आकड्यावर विसंबून चुकीचाच बूट घेणार होते.

काल संध्याकाळी भावाला घेऊन गेले आणि चार जोड घालून पाहिले. पहिल्या दोघांची टाच अंगठ्याने दबली. तिसरा पिळला नाही, दिसायलाही छान, पण दुरुस्तीवाल्या दादांनी सांगितलं तसंच झालं: चकती माझ्या घोट्याच्या बोटभर वर. हात लावून पाहिलं नसतं तर कळलंच नसतं. चौथा घोट्याच्या वर चार बोटं येणारा, आतून चेन, बाहेरून वेल्क्रोची पट्टी, चित्राखाली २ २ २ २ आणि शेजारी आयपीए, डब्ल्यूआर. चवड्यात रुंदही निघाला. भावाला टाच धरून ओढायला सांगितलं. तो आधी हळूच ओढत होता, मी म्हटलं अजून जोरात. खुर्ची माझ्यासकट पुढे सरकली पण बूट पायातच राहिला. मला तिथेच रडू आलं, भाऊ घाबरला.

तोच घेतला. नडगीचा मुद्दा पटतो, पण नडगीपर्यंतचे बूट मी स्वतःला ओळखते तशी रोज घालणार नाही, पंधरा दिवसांनी ते घरी राहतील आणि पळायचे बूट पुन्हा पायात येतील. कामावर मात्र साधे बूट ठेवणार आहे, तो सल्ला घेतला.

आज सकाळी पहिल्यांदा घालून गेले. डावा पंजा दांडीखाली जाताना अडखळतोय, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दोनदा गिअर पडलाच नाही.

प्रतिसाद

हे होणारच, पंजाची जाडी वाढली आहे. गिअरची दांडी ज्या दातेरी दांड्यावर बसवलेली असते तिथला बोल्ट काढून दांडी एक दात वर सरकवून घ्या. काही गाड्यांत जोडसळई असते, तिथे दोन्ही टोकांचे नट सैल करून सळई फिरवली की उंची बदलते. एकाच दाताने बराच फरक पडतो, एकदम दोन करू नका. नाहीतर गिअर खाली टाकताना पाऊल फूटरेस्टवरून उचलावं लागेल. नंतर रिकाम्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं फक्त गिअर बदलत फिरा. उजव्या पायाचंही बघा, जाड सोलखाली ब्रेक नकळत दाबलेला राहतो. मागचा दिवा उगाच पेटत नाही ना, हे कुणाला तरी मागे उभं करून तपासा.

धागाकर्ती

दांडी एक दात वर घेतली, आता पंजा सरळ जातो. ब्रेकचा दिवा भावाने मागे उभं राहून पाहिला, तुम्ही म्हणालात तसा खरंच हलका पेटलेला राहत होता. पेडल थोडं खाली करून घेतलं.

शेवटचं एक विचारते. बूट आज पावसात भिजला, आत पाणी आलं नाही पण बाहेरचं चामडं ओलं आहे. सकाळपर्यंत वाळवायचाय. हिटरसमोर ठेवू का?

प्रतिसाद

नको ताई, उष्णतेने चामडं आखडतं आणि सोलचा चिकटा सुटतो. चेन पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, तासाभराने बदला आणि पंख्याखाली आडवा ठेवा. पूर्ण वाळला की चामड्याचं क्रीम बोटाने शिवणीत चोळा, पाणी पहिल्यांदा शिरतं ते तिथूनच.