मदत हवी आहे: अ‍ॅकोनिटेजच्या अभिक्रियेत सिस-अ‍ॅकोनिटेट हा मधला रेणू नेमका कोठे उलटतो?

सायट्रेटचा रेणू अकिरल (आपल्या आरशातील प्रतिमेशी तंतोतंत जुळणारा) असून त्याच्या मध्यवर्ती कार्बनला दोन एकसारख्या भुजा असतात. तरीही क्रेब्स चक्रात (पेशीला ऊर्जा देणाऱ्या अभिक्रियांच्या चक्रात) सायट्रेटचे आयसोसायट्रेट करणारे अ‍ॅकोनिटेज हे विकर (एन्झाइम) आधी पाणी काढताना हायड्रोजन नेहमी ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटकडून आलेल्या भुजेवरूनच काढते, आणि म्हणूनच अ‍ॅसिटिल कोएन्झाइम-ए मधून आलेले दोन कार्बन चक्राच्या पहिल्या फेरीत कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर पडत नाहीत. रेणू विकराला तीन ठिकाणी जोडला गेला, तर सारखे दिसणारे गट विकरासाठी सारखे राहत नाहीत, हे जीवरसायनशास्त्रज्ञ ऑग्स्टन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. हा युक्तिवाद मला आजही अतिशय सुंदर वाटतो.

अडचण पुढच्या पायरीची आहे. पाणी पुन्हा जोडले जाऊन आयसोसायट्रेटचा एकच त्रिमितीय समघटक तयार होण्यासाठी मधला सिस-अ‍ॅकोनिटेट १८० अंशांनी उलटावा लागतो, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. हे उलटणे विकराच्या सक्रिय स्थळाच्या (रेणू जिथे बसतो त्या जागेच्या) आतच घडते, की रेणू क्षणभर सुटून पुन्हा बसतो? विकरातील लोह-गंधक समूहाची (रेणूला धरणाऱ्या लोह व गंधकाच्या अणूंच्या गटाची) पकड त्या वेळी कशी बदलते? समस्थानिक वापरून केलेल्या प्रयोगांच्या आधारे कोणी हे टप्प्याटप्प्याने समजावून सांगितल्यास मी मनापासून आभारी राहीन, एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना हा भाग मला अर्धवट शिकवायचा नाही.