शेरीचं पिंप: मुरणं की नुसती फोडणी?

खडूस_घोट
काल रेडब्रेस्ट लुस्टाउ उघडली. बर्बन (अमेरिकी व्हिस्की) आणि शेरी (स्पेनची कडक वाइन) यांच्या पिंपांत ९ ते १२ वर्षं काढलेली व्हिस्की, मग शेवटचं एक वर्ष स्पेनच्या लुस्टाउ या शेरीवाल्यांकडून आलेल्या ओलोरोसो या गडद शेरीच्या पिंपांत. नाकाशी नेली तर काळ्या मनुका, मागोमाग खजूर. छान आहे, नाही म्हणत नाही. पण ही मूळची आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या मिडल्टनची सिंगल पॉट स्टिल. म्हणजे मोड आणलेले आणि कच्चे सातू एकत्र घेऊन गाळलेली. कच्च्या सातूमुळे येणारी ती सुंठ-मिऱ्याची चुरचुर आणि तेलकटपणा हीच तर तिची ओळख. तीच झाकायची असेल तर सरळ शेरी प्यावी की! भाजी चांगली असली की फोडणी बेतानेच घालतात. १० पैकी ६.

डब्लिनची_सून
सहा? अहो, ओतल्या ओतल्या प्यायलात ना? ४६ टक्क्यांची आहे ती. मी ग्लासवर बशी ठेवून वीस मिनिटं थांबले, चार थेंब पाणी घातलं. खजूर मागे सरला आणि तुमची सुंठ आली, थेट घशाशी. आणि फोडणी कसली? फोडणी वरून पडते, हे मुरणं आहे. तुम्ही ज्या साध्या १२ वर्षांच्या रेडब्रेस्टचे गोडवे गाता, तिच्यातही ओलोरोसोची पिंपं असतातच. शेरी इथे पाहुणी नाही, घरचीच आहे.

खडूस_घोट
घरची आहे म्हणून चुलीचा ताबा तिलाच द्यायचा? शिवाय 'शेरीचं पिंप' म्हटलं की कुणा आजोबांच्या तळघरातलं जुनं पिंप डोळ्यांसमोर येतं. आज बहुतेक पिंपं व्हिस्कीवाल्यांच्या मागणीवरूनच शेरीने भिजवून तयार करतात.

डब्लिनची_सून
करू देत. पापडाचं पीठ कुणी मळलं हे विचारून आपण पापड खातो का?

सुटे_पैसे
माझा खिसा जेमसन या आयरिश व्हिस्कीच्या कास्कमेट्सपुरता. कॉर्कच्या फ्रान्सिस्कन वेल ब्रुअरीने जेमसनची रिकामी पिंपं नेली, त्यांत स्टाउट, म्हणजे काळी बिअर, मुरवली, पिंपं परत आली आणि त्यांत पुन्हा जेमसन भरली. गोष्ट झकास. मला कोकोही लागायचा. मग मित्राने लेबलं झाकून साधी जेमसन आणि ही, अशा दोन्ही दिल्या. दोनदा दिल्या, दोनदा चुकलो. आता गुण व्हिस्कीला द्यायचे की गोष्टीला?

हिशेबी
झाकून पिणं बरोबर, पण वरच्या भांडणात एक मेख आहे. साधी १२ वर्षांची ४० टक्के, लुस्टाउ ४६. ३० मिली लुस्टाउत ४.५ मिली पाणी घाला, दोन्ही समान होतील. चहाचा चमचा काठोकाठ भरू नका, झालं. मग भांडा.

खडूस_घोट
केलं. बायकोने ओतून दिली. लुस्टाउ लगेच ओळखू आली, पण चुरचुर शाबूत होती, हे कबूल. सकाळी रिकामे ग्लास हुंगले: एकात मनुका, दुसऱ्यात ओलं लाकूड. मला अजूनही लाकूडच आवडतं. ७ देतो, आठ मागू नका.

डब्लिनची_सून
सकाळी उठून रिकामे ग्लास हुंगणाऱ्याला बायको काय म्हणाली, ते लिहायचं राहिलं.